जोड्यांपाशी भरणारी बैठक

दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी आमच्या सौभाग्यवती हसल्या. "जन्मभर दुसऱ्यांना बोलतं करायचं काम केलंत म्हणता, पण घरात कधी कुणाला बोलू दिलंत का?" असं त्या म्हणाल्या. मुद्दा बिनतोड आहे. तो इथं नोंदवून मी पुढं जातो, कारण विरोधी मत आधी नोंदवायचं, ही माझी नोकरीतली जुनी सवय.

मी कळंबच्या एका कापूस जिनाच्या संचालक मंडळाचा चिटणीस होतो. निजामी अंमल होता, त्यामुळं चिटणिसाला मोतमद म्हणत. मोतमद म्हणजे भरवशाचा माणूस. बिरुद मोठं होतं आणि अधिकार काहीच नव्हता. जिन म्हणजे काय, हे हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. शेतकऱ्याचा कापूस गाडीतून यायचा, यंत्रावर त्यातली सरकी वेगळी निघायची, रुई वेगळी निघायची आणि रुईच्या गाठी बांधून पुढं जायच्या. ही सगळी यंत्रं वाफेवर चालायची. वाफेसाठी एक भला मोठा लोखंडी बॉयलर होता, आणि तो पेटवणारा आगवाला होता. हे सगळं कसं चालवायचं ते संचालक मंडळ ठरवायचं. मंडळात गावातले नि आसपासचे वजनदार लोक होते.

या मंडळात मला मत नव्हतं. बोलायचाही हक्क नव्हता. विचारलं तर माहिती द्यायची, ठरलं ते लिहायचं आणि पान-सुपारीची व्यवस्था बघायची, एवढंच काम. पण प्रश्न विचारायला मला कुणी मनाई केलेली नव्हती. तेवढ्या एका सवलतीवर मी सगळी नोकरी केली, आणि ती चांगली केली असं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आमचे अध्यक्ष नानासाहेब. इनामदार घराण्यातले, धिप्पाड, आवाज असा की अंगणात बोलले तर वेशीपर्यंत ऐकू जावं. माणूस मनानं सरळ होता. कुणाचं वाईट करावं असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. पण त्यांच्यासमोर बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती, आणि याचा त्यांना स्वतःला पत्ताच नव्हता. बैठकीत ते विषय काढायचे, स्वतःचं मत सांगायचे आणि मग "बोला" म्हणायचे. त्या "बोला"नंतर उजव्या हातापासून मानाप्रमाणं बसलेल्या एकेकाच्या तोंडून एकच शब्द निघायचा. "बजा."

हा शब्द दरबारी उर्दूतला. बजा है, म्हणजे आपलं म्हणणं योग्य आहे. तहसील कचेरीत कारकून पेशकाराला बजा म्हणायचा, पेशकार तहसीलदाराला म्हणायचा, तहसीलदार त्याच्या वरच्याला म्हणायचा. तिथून तो शब्द पेठेत आला आणि आमच्या गादीवर येऊन बसला. रांग संपली की मी लिहायचो, बाइत्तिफाक मंजूर, म्हणजे सर्वानुमते. चहा थंड व्हायच्या आत बैठक आटपायची.

मी नवा होतो तेव्हा मला या एकीचं फार कौतुक वाटलं होतं. ते कौतुक ओसरलं ते शेडच्या प्रकरणात. कापूस साठवायला नवी शेड बांधायची होती. नानासाहेबांनी जागा सुचवली ती विहिरीच्या मागची. सगळे बजा म्हणाले. मी लिहिलं. बैठक संपली, मंडळी उठली, आणि बाहेर ओसरीच्या कडेला आपापले जोडे पायात घालायला लागली. मी दिवाणखान्याच्या दारात उभा होतो. तिथं मी जे ऐकलं त्यानं माझे कान उघडले.

"तिथं पानी साचतंय की हो," एक जण जोडा झटकत म्हणाला.

"साचतंय म्हंजी? पावसाळ्यात म्हशी बसतात तिथं," दुसरा म्हणाला.

"मग आत बोलायचं न्हाय का?"

"तुमी बोलायचं व्हतं."

शेड झाली. पावसाळ्यात जिथं म्हशी बसायच्या त्या जागी कापूस बसला आणि भिजला. पुढच्या बैठकीनंतर जोड्यांपाशी पुन्हा तेच, मला ठाऊकच होतं, मला ठाऊकच होतं. माझ्या ध्यानात आलं की मंडळाच्या दोन बैठका भरतात. एक आत गादीवर, तिची नोंद मी करतो. दुसरी बाहेर जोड्यांपाशी, आणि शहाणपण सगळं तिथं सांडतं. तेव्हा मी मनाशी ठरवलं की बाहेरची बैठक आत आणायची. चिटणीस म्हणून माझं काम काय, हे मला त्या दिवशी समजलं.

आता हे करायचं कसं? बोलायचा हक्क नाही. मी पहिल्यांदा पानावर हात घातला. बैठकीच्या सुरुवातीलाच तबक फिरायचं. एकदा तोंडात विडा गेला की माणूस फक्त मान हलवतो. बोलायचं तर उठून पिंकदाणीपाशी जावं लागणार, आणि नानासाहेब बोलत असताना उठणार कोण? म्हणून मी तबक बैठकीच्या शेवटावर ढकललं. पानं पाण्यात टाकलीत, अजून जरा भिजू द्या, असं सांगायचो. दोन-तीन बैठका कुरकुर झाली. कासीम मियाँ हे कचेरीतले निवृत्त पेशकार आमच्या मंडळावर होते, मोठे खुशमिजाज. ते म्हणाले, "मोतमदसाहब, तुमी आमाला उपाशी मारून बोलतं करनार दिसता." पण तोंड रिकामं असलं की माणसाला काही ना काही बोलावंसं वाटतंच. आधी हवापाण्यावर बोलायला लागले, मग कामावर.

फक्त एका माणसापुढं माझी मात्रा चालली नाही. ते म्हणजे बसप्पा. पेठेत त्यांचं किराण्याचं दुकान आणि तेलाचा घाणा. गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे, घरात कानडी आणि बाहेर मराठी. त्यांची तंबाखूची चंची कंबरेला बांधलेली असायची, त्यामुळं तबक येवो न येवो, गालात तंबाखू कायम. बैठकीत ते एका शब्दापलीकडं कधी गेले नाहीत. त्यांची पाळी आली की गालातल्या तंबाखूमागून तो एक शब्द यायचा आणि मी पुढच्या माणसाकडं वळायचो.

माझी दुसरी युक्ती मला एका लग्नाच्या बैठकीत सुचली. देण्याघेण्याच्या बोलणीत आपल्याकडं एक माणूस मुद्दाम अडून बसायला नेलेला असतो. बहुधा मुलीचा मामा. मानपान असा का, तिथी तीच का, वरात अमुक रस्त्यानंच का, असं तो प्रत्येक गोष्टीला आडवं लावतो. त्याचा कुणी राग धरत नाही, कारण अडून बसणं हे त्याचं कामच असतं. बापाला जे बोलता येत नाही ते मामा बोलतो, आणि लग्न मात्र नीट ठरतं. मला वाटलं, मंडळालाही असा एक मामा हवा.

मी नानासाहेबांना एकटं गाठून विचारलं, "मालक, आपल्या बैठकीत एक मामा ठेवला तर?" त्यांना काही कळेना. मी समजावून सांगितलं. दर बैठकीला पाळीपाळीनं एका संचालकानं मामा व्हायचं. त्याचं काम, जो काही विषय येईल त्यात खोट काढायची. मनातून पटलं असलं तरी काढायची. आणि अध्यक्षांनी आपलं मत सगळ्यांच्या शेवटी सांगायचं.

नानासाहेब गडगडाटी हसले. "म्हणजे मला मामा बनवायचा बेत आहे तुमचा!"

"तुम्हाला नाही, मालक. तुमच्याखेरीज सगळ्यांना."

त्यांना गंमत वाटली आणि त्यांनी होकार दिला. पहिल्या बैठकीला कासीम मियाँ मामा झाले. त्यांनी कचेरीत जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जातल्या खोटी काढलेल्या, त्यामुळं त्यांना हे काम मानवलं. सरपणाचा ठेका, रखवालदाराच्या पाळ्या, जे येईल त्यावर ते तुटून पडले. मग बाकीच्यांनाही चेव आला. मांजरा नदीकाठचे विश्वंभरराव कापूस पिकवणाऱ्यांच्या वतीनं मंडळावर होते. तरणेताठे आणि तोंडाचे फटकळ. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी गाड्या रांगेत दिवसभर का ताटकळतात, यावरून थेट नानासाहेबांच्या भाच्याचं नाव घेतलं. तो कापसाच्या वजनकाट्यावर बसायचा. मी लिहिता लिहिता थांबलो. पण नानासाहेब म्हणाले, "मामा आहेत आज ते. बोलू द्या." भाच्याची काट्यावरून उचलबांगडी झाली. जोड्यांपाशी त्या दिवशी कुणी रेंगाळलं नाही.

इथवर सगळं झकास चाललं होतं आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. तेवढ्यात बॉयलरचं प्रकरण आलं.

लढाई चालू होती. लोखंडाचं सामान मिळत नव्हतं, नवा बॉयलर तर विसराच. आमचा बॉयलर जुना, पत्र्याला पत्रे रिव्हिटांनी जोडलेले. दरवर्षी हैदराबादेहून तपासनीस यायचे, पाहायचे आणि दाखला द्यायचे. त्या वर्षी त्यांचा दौरा लांबला होता. इकडं कापूस फुटला, गाड्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आणि एका सकाळी हैबती माझ्याकडं आला. हैबती आमचा आगवाला. कोळसा टाकायचा, वाफ सांभाळायची, भोंगा वाजवायचा. बॉयलरला तो म्हातारी म्हणायचा.

"साहेब, म्हातारीला घाम फुटलाय," तो म्हणाला.

मी त्याच्याबरोबर गेलो. हंगामाच्या आधी पाणी भरून थोडी वाफ धरून बघतात, तशी त्यानं धरली होती. आगीच्या बाजूला खालच्या जोडातून पाणी पाझरत होतं. मिस्त्रीनं छिन्नी लावून तो जोड ठोकला होता, पण पाणी पुन्हा दिसायला लागलं होतं. हैबती म्हणाला, "आज नुसतं पाझरतंय. पुऱ्या वाफंवर काय व्हईल सांगता येत न्हाय." फुटला तर काय होईल, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बॉयलरच्या तोंडाशी दिवसभर तोच असायचा, आणि त्याचे दोन कोळसेवाले. हंगाम उभा होता आणि तीन माणसांचा जीव त्या जोडावर टांगलेला होता.

मी नानासाहेबांना सांगितलं. ते विचारात पडले, पण म्हणाले, "मिस्त्री तर चालेल म्हणतो. आणि मी काय एकटा ठरवतो का? मंडळ आहे. मंडळ पेटवा म्हणालं तर पेटवू. आजवर मंडळात माझ्याविरुद्ध कुणी गेलंय का, तुम्हीच सांगा." हे ते अगदी निरागसपणे म्हणाले. आपण बरोबर असतो म्हणूनच सगळे बजा म्हणतात, असा त्यांचा खरोखरचा समज होता. इतक्या लोकांनी मिळून एका माणसाला इतकी वर्षं अंधारात ठेवलं होतं, आणि तेही त्याचा मान राखण्यासाठी. मला त्यांची कीव आली, आणि भीतीही वाटली.

बैठक भरली. मामाची पाळी नेमकी बसप्पांची होती. याहून वाईट पाळी त्या दिवशी दुसऱ्या कुणाची असूच शकली नसती. त्यात बाहेर गाडीवानांचा गलका चाललेला, त्यामुळं नानासाहेब घाईत होते. स्वतःचं मत शेवटी सांगायचं, हे ते विसरले. बसल्या बसल्या म्हणाले, "कापूस दारात आहे. मिस्त्री चालेल म्हणतो. दाखला मागाहून येईल. बॉयलर पेटवावा असं माझं मत. बोला."

आणि इतक्या महिन्यांची माझी मेहनत पाण्यात गेली. उजवीकडून सुरू झालं. बजा. बजा. कासीम मियाँसुद्धा जरा घुटमळले आणि बजा म्हणाले. बसप्पांची पाळी आली. गालातल्या तंबाखूमागून नेहमीचा शब्द आला. मी दौतीत टाक बुडवला, पण माझा हात पुढं जाईना. मला बोलायचा हक्क नव्हता. विचारायचा होता.

"बसप्पा," मी म्हणालो, "आजचे मामा तुम्ही. मामानंच बजा म्हटलं तर कसं?"

बसप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या तेलात पाणी घातलंय. ते उठले, पिंकदाणीपाशी गेले, तोंड मोकळं केलं आणि परत येऊन म्हणाले, "बजा कोन म्हनलं?"

"तुम्ही म्हणालात की."

"म्या वजा म्हनलो. वजा! ह्यातनं मला वजा करा. म्या दर टायमाला वजाच म्हनतो."

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग कासीम मियाँनी जे हसायला सुरुवात केली की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी मात्र गार पडलो होतो. माझ्या आधीच्या मोतमदानं आणि मी, आम्ही दोघांनीही या माणसाचा नकार होकार म्हणून लिहिला होता. कानडी जिभेवर ब आणि व जवळजवळ राहतात, मध्ये तंबाखूची गोळी, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला एकाच शब्दाची सवय. मंडळातला सगळ्यात निष्ठावान म्हणून ज्यांच्याकडं नानासाहेब बोट दाखवायचे, तो माणूस एकदाही त्यांच्या बाजूनं नव्हता.

नानासाहेब हसत नव्हते. "शेडच्या वेळी?" त्यांनी विचारलं.

"वजा."

"भोंग्याची वेळ बदलली तेव्हा?"

"तवाबी वजाच."

"मला अध्यक्ष केलंत तेव्हा?"

बसप्पांनी थोडा विचार केला. "तवाबी वजा, मालक. पर राग नसावा."

आता सगळेच हसले, आणि या खेपेला नानासाहेबांच्या मिशीखालीही काहीतरी हललं. पण लगेच ते म्हणाले, "अहो, मग तोंड उघडून नको म्हणून का नाही सांगितलंत?"

"मालकाला आडवं बोलायची आमची रीत न्हाय. म्या माझ्यापुरतं वजा म्हनायचो. म्हंजी उद्या कायबी झालं तरी माझं नाव त्यात नसावं."

मला बसप्पांबद्दल आदर होता आणि आहे. पण हे ऐकून मला त्यांचाही राग आला. स्वतःला बाजूला काढून घेणं म्हणजे मत देणं नव्हे. शेड बुडाली तेव्हा ते वजा होते, म्हणून कापूस कोरडा राहिला नव्हता. बहुधा नानासाहेबांच्याही मनात तेच आलं. ते मांडी सावरून बसले आणि म्हणाले, "आज वजा चालायचं नाही, बसप्पा. कारण सांगा."

बसप्पांना कारण सांगायची सवय नव्हती. ते आधी भिंतीकडं बघत बोलले, मग हळूहळू नानासाहेबांकडं. "म्या काल सरकी बघाया जिनात गेलतो. बायलरखालची माती वली हाय. पाऊस न्हाय, मग वली कशानं? माझ्या घान्याचा बैल खुरडाया लागला तर म्या त्याला जुंपत न्हाय. आन् बैल मेला तर एकटा मरतो, मालक. ही म्हातारी गेली तर एकटी जायाची न्हाय."

त्यावर विश्वंभरराव उसळले. तेही चूक नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टी सांगताना लोक एका बाजूला शहाणे आणि दुसऱ्या बाजूला खलपुरुष उभे करतात. ते म्हणाले, "आन् दारातल्या गाड्यांचं काय? मागं शेडीत कापूस भिजला, तरी लोक इस्वासानं आलेत. आता परत फिरवलं तर पुन्यांदा कोन येतंय हितं? सरकी येचायला बाया येत्यात, हमाल हायेत. त्यांची चूल तुमी पेटवनार का? जोड ठोकलाय, मिस्त्री चालंल म्हनतो. निम्म्या वाफंवर चालवा, पर चालवा."

"निम्मी वाफ मोजनार कोन?" बसप्पा.

"हैबती मोजंल!"

"आन् फुटल्यावर हैबतीला कोन मोजंल?"

आवाज चढले. कासीम मियाँ दाखल्याची मुदत आणि जबाबदारी याविषयी बोलायला लागले, त्यांना मध्येच तोडून दुसरे दोघे बोलायला लागले. बसप्पा तर इतके बोलले की इतक्या वर्षांची उधारी त्यांनी एका बैठकीत फेडली. कुणी बाहेरून ऐकलं असतं तर म्हटलं असतं, मंडळ मोडलं. मी मात्र भराभर लिहीत होतो. बजा म्हणालेल्यांतले दोघे उघड उघड फिरले आणि आपण का फिरलो तेही त्यांनी सांगितलं. नानासाहेब एकदाही मध्ये बोलले नाहीत. शेवटी विश्वंभररावच म्हणाले, "अवो, आपन हितं भांडतोय, पर त्या आगवाल्याला तर इचारा!"

आगवाल्याला मंडळापुढं बोलावल्याचं कुणाला आठवत नव्हतं. हैबती आला, उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवून हात जोडून उभा राहिला. कोळशानं काळे झालेले हात. नानासाहेबांनी विचारलं, "हैबती, बॉयलर पेटवायचा का?"

मला वाटलं, आता हा सगळं सांगेल. माझ्यापाशी सांगितलं तसं. हैबती खाली बघत म्हणाला, "मालक म्हनतील तसं."

"बगा!" विश्वंभरराव म्हणाले. "त्याची ना न्हाय."

एरवी नानासाहेबांनी तिथंच हात झटकून विषय संपवला असता. पण थोड्या वेळापूर्वीच त्यांना कळलं होतं की आपल्याला मिळणारा होकार कसा असतो. ते हैबतीकडं वळले. मग त्यांनी आवाज खाली आणला, इतका की मला पुढं वाकावं लागलं.

"तुझा धाकटा भाऊ आहे ना रे?"

"व्हय, मालक. शेतात असतो."

"उद्यापासून त्याला लाव म्हातारीच्या तोंडाशी. तुला दुसरं काम देतो. लावशील?"

हैबतीनं मान वर केली.

"न्हाय," तो म्हणाला.

नानासाहेबांच्या दिवाणखान्यात हा शब्द त्यांच्या तोंडावर म्हटलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. हैबतीला वाटलं असावं, आपलं काम गेलं. नानासाहेबांनी त्याला जायला सांगितलं आणि मंडळींना म्हणाले, "हात वर करा. बजा नको, हात दाखवा."

तपासणी होईपर्यंत बॉयलर पेटवायचा नाही, असं ठरलं. सर्वानुमते नव्हे. विश्वंभररावांनी हात वर केला नाही आणि माझा विरोध कारणांसह लिहा म्हणाले. मी त्यांच्याच शब्दांत लिहिला आणि वाचून दाखवला. आमच्या मंडळाच्या कामकाजात ते पहिलं विरोधी मत. दुसऱ्या दिवशी दारातल्या गाड्या लातूरच्या जिनाकडं वळवायच्या ठरल्या, तेव्हा पुढच्या गाडीवर विश्वंभरराव स्वतः बसले. "ठराव पटला न्हाय, पर मंडळाचा हाय," असं म्हणून बैल हाकलले. मंडळ म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी त्या गाडीबद्दल सांगतो.

हे सगळं फुकटात झालं नाही. तो हंगाम आमच्या हातचा गेला. सरकी वेचणाऱ्या बायांना काम उरलं नाही. त्यातली एक बाजाराच्या दिवशी मला भर रस्त्यात म्हणाली, "तुमी आत चांगलं बोललात म्हनं, साहेब. आमचं काम गेलं त्या बोलन्यात." मोकळ्या चर्चेनं सगळ्यांचं भलं होतं असं सांगणारे लोक भेटले की मला ती बाई आठवते. चर्चेनं एवढंच होतं की जे करायचं ते डोळे उघडे ठेवून होतं, आणि त्याचा चटका कुणाला बसणार ते आधी कळतं. तिच्यासारख्यांना त्या महिन्यांत काय देता येईल, हा विषय मंडळापुढं आणायला मी उशीर केला. आणला तेव्हा मामा विश्वंभरराव होते आणि त्यांनी सगळ्यांना धारेवर धरलं. निम्मी मजुरी का होईना, बायांच्या पदरात पडली.

थंडी ओसरत आली तेव्हा तपासनीस आले. बॉयलरची परीक्षा कशी घेतात ते सांगतो. आग लावत नाहीत. आत गच्च थंड पाणी भरतात आणि पंपानं त्यावर दाब देतात. थंड पाण्यानं फाटला तर नुसतं पाणी सांडतं, कुणाला इजा होत नाही. मंडळातले सगळे बघायला आले होते. विश्वंभररावही होते. हैबती नेहमीच्या जागी, बॉयलरच्या तोंडाशी उभा होता. पंप चालला, दाबाचा काटा चढायला लागला. रोज ज्या वाफेवर आम्ही जिन चालवायचो तिथपर्यंतही काटा पोचला नाही. लुगडं फाडल्यासारखा आवाज झाला, खालचा जोड हातभर उघडला आणि पाणी फरशीवर धावत आलं.

तपासनीस काहीतरी लिहीत बाजूला गेले. विश्वंभरराव खाली बसले. बसप्पांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. नानासाहेब पुढं झाले, पाण्यातून चालत हैबतीपाशी गेले आणि त्याच्या शेजारी उभे राहिले. दोघांचे पाय घोट्यापर्यंत भिजले होते. मी मागंच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"हैबती," नानासाहेब म्हणाले, "त्या दिवशी मी तुला भावाचं विचारलं नसतं, तर?"

हैबती उघडलेल्या जोडाकडं बघत होता.

"पेटवला असता की, मालक," तो म्हणाला. "तुमी म्हनला असता तर."